भाडेपट्ट्यातलं सातवं कलम

सर,

आज फर्मच्या इतिहासाची पुस्तिका छापून आली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर फर्म काढणाऱ्या थोरल्या साहेबांचा पगडीतला फोटो, मग पिढीमागून पिढी भागीदारांचे चेहरे. तुमच्या वाट्याला तीन ओळी आल्या आहेत. नवी मुंबईची शाखा तुम्ही उघडलीत, जहाजवाहतूक आणि जमिनीच्या कामात तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं, स्वभाव मृदू होता. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मजकूर मीच तपासून दिला होता, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. पण पुस्तिका हातात धरून बसले आणि वाटलं, ज्या एका कामामुळे ही फर्म मला कळली ते काम हिच्यात कुठेच नाही. ज्या कामात तीन पिढ्यांचा अशील निघून गेला, ते कोण छापेल? तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. तरी तुम्हालाच सांगते.

बेलापूरच्या सीबीडीत आपण ऑफिस थाटलं तेव्हा आजूबाजूच्या निम्म्या इमारती रिकाम्या होत्या. खिडकीतून एकीकडे पारसिकचा डोंगर दिसायचा आणि दुसरीकडे नुसते उभे राहिलेले खांब आणि सळया. फोर्टच्या मुख्य ऑफिसातली मंडळी आपल्याला थट्टेने 'खाडीपलीकडचे' म्हणायची. तुम्ही मनावर घ्यायचा नाहीत. "फर्म पहिल्यापासून बंदराच्या मागेमागे चालत आलीय," तुम्ही म्हणायचात. "थोरले साहेब कापसाच्या गाठी आणि मिठाच्या मचव्यांचे कागद करायचे. मग आगबोटी आल्या. आता बंदर न्हावा शेव्याला गेलं, तर आपण फोर्टात बसून काय करणार?"

माझी मुलाखत तुम्ही त्याच खिडकीशी घेतलीत. मी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली, घरात पहिली पदवीधर, लॉ नुकतंच संपलेलं. इंग्रजी मी घासूनपुसून तयार करून आणलं होतं. तुम्ही विचारलंत, वडील काय करतात. मी म्हटलं, "मार्केटमध्ये असतात." तुम्ही पुन्हा विचारलंत, "मार्केटमध्ये काय करतात?" मी हळूच म्हटलं, "माथाडी आहेत. कांदा-बटाट्याला." तेव्हा तुम्ही माझे सगळे कागद बाजूला सारलेत आणि म्हणालात, "ट्रक आल्यापासून गोण्या गाळ्यात लागेपर्यंत टोळीचं काम कसं चालतं, ते मला सांगा. मला त्यातलं काही कळत नाही असं समजून सांगा." मी पंधरा मिनिटं बोलले. मध्येच तुम्ही दोनदा थांबवून विचारलंत, "म्हणजे काय?" माझी नोकरी त्या पंधरा मिनिटांवर लागली, हे मला फार उशिरा समजलं. त्या दिवशी वाटलं होतं, मी हमालाची पोरगी म्हणून तुम्हाला माझी दया आली असावी.

पहिले सहा महिने तुम्ही मला एक अक्षर लिहू दिलं नाहीत. फोर्टमधून फर्मने आजवर दिलेल्या सल्ल्यांचे बांधीव खंड मागवलेत आणि माझ्या टेबलावर ठेवलेत. थोरल्या साहेबांची वाक्यं छोटी असायची. एका बोटमालकाला त्यांनी लिहिलं होतं की तुमची बाजू बळकट नाही, समेट करा, माझ्यासारख्या वकिलावर खर्च करू नका. मी ते तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही इतके खूश झालात, जणू मला एखादं बक्षीस मिळालं होतं. थोरल्या साहेबांचाच एक रिवाज तुम्ही इथे आणला होता. समोरची बाजू वकिलाशिवाय आली तर तिला पत्राने कळवायचं, वकील घेऊन या. तरीही आणला नाही, तर सहीआधी पूर्ण कागद तिच्या भाषेत वाचून दाखवायचा. इतर फर्मची माणसं हसायची. अर्धा दिवस जायचा ना त्यात.

त्याच वर्षी आपल्या त्या जुन्या अशिलाला, शेठना, न्हावा शेव्याच्या कामासाठी कंटेनर ठेवायला जागा हवी होती. त्यांच्या आजोबांपासून सगळं काम आपल्याकडे, फोर्टात एक अख्खं कपाट त्यांच्या फाइलींचं. माणूस बोलायला चांगला, ऑफिसात आला की शिपायाचीही चौकशी करायचा. सारसोळ्याच्या एका कुटुंबाला शेती संपादनाच्या मोबदल्यात मिळालेला भूखंड त्यांनी हेरला होता. मला म्हणाले, "मॅडम, एवढंच बघा, जागा एकदा घेतली की हातातून जाता कामा नये." मी भाडेपट्टा लिहिला. सातव्या कलमात लिहिलं की मुदत संपल्यावर भाडेकरूच्या इच्छेनुसार, याच अटींवर, 'फ्रॉम टाइम टू टाइम', म्हणजे दर वेळी पुन्हा, मुदत वाढेल. तुम्ही त्या आठवड्यात फोर्टात एका लवादाच्या कामात अडकला होतात. मसुदा न वाचता मंजुरीची सही केलीत. माझ्यावर तेवढा भरवसा तुम्ही पहिल्यांदाच टाकला होता.

तो दिवस अजून समोर दिसतो. सकाळचे अकरा वाजलेत. टेबलाच्या एका बाजूला शेठ आणि त्यांचा मॅनेजर, दुसऱ्या बाजूला सारसोळ्याची म्हातारी आणि तिचे दोन मुलगे. मुलगे इस्त्रीच्या शर्टात, म्हातारी हिरव्या लुगड्यात, मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून. थोरला मुलगा म्हणतो, "वकील कशाला पायजे, तुमी हायेत ना." तुम्ही म्हणता, "आम्ही शेठचे वकील आहोत. तुमचे नाही. अजूनही आणू शकता." तो नुसता हसतो. शेठ घड्याळाकडे बघतात. "सर, सगळं ठरलंय. वाचण्यात टाइम कशाला घालवायचा? उगाच टेन्शन." तुम्ही माझ्याकडे बघून 'वाचा' अशी मान हलवता आणि मी एकेक कलम मराठीत सांगायला लागते. सहा कलमं होतात. म्हातारी डोळे मिटून ऐकते आहे. मला वाटतं, तिला झोप लागली असावी. मी सातवं सांगते. ती डोळे उघडते.

"बाय, ता सगला बराबर हाय. पन जागा आमाना परत कवा मिलंल?"

मी तिला मुदतीची वर्षं सांगते.

"ती झाली म्हनजे?"

"मग मुदत वाढेल."

"वाढवाची कोनी? आमी?"

"नाही आजी. त्यांनी."

"आन ती पन झाली म्हनजे?"

धाकटा मुलगा तिच्या हाताला धरतो, "आये, गप ना." मी तुमच्याकडे बघते. मला वाटतं, तुम्ही आता काहीतरी बोलाल, चहा मागवाल. तुमचा चेहरा उतरलेला आहे. तुम्हालाही ते कलम आत्ताच, माझ्या तोंडून, मराठीत कळलेलं आहे. तुम्ही शांतपणे म्हणता, "बाईंनी प्रश्न विचारलाय. उत्तर द्या."

"परत मिळणार नाही, आजी," मी म्हणते. "त्यांनी आपणहून सोडली तरच."

म्हातारीने काही आरडाओरडा केला नाही. अंगठ्यासाठी पुढे ठेवलेली शाईची डबी तिने बोटाने हळूच दूर सारली, पिशवी काखेत मारली आणि उठली. मुलगे तिच्या मागून गेले. शेठ उभे राहिले होते. "सर, अशील मी आहे की ती बाई?" "तुम्हीच," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर बसा, पाच मिनिटं बोलू." ते बसले नाहीत.

मी वाट बघत होते, तुम्ही मला शाबासकी द्याल. खरंच सांगते, मनात तसंच होतं. खरं बोलले होते, तुमच्यासमोर बोलले होते. तुम्ही दार लावून घेतलंत आणि म्हणालात, "आज तुम्ही आपल्या अशिलाला परक्यांसमोर उघडं पाडलंत. आणि मी तुम्हाला ते करू दिलं." मी म्हटलं, "सर, मग काय खोटं सांगायचं होतं?" "नाही. उत्तर बरोबर होतं. पण तो प्रश्न पहिल्यांदा त्या म्हातारीने विचारला, इथे चुकलं. तो तुम्ही विचारायला हवा होता, महिनाभर आधी, शेठना, बंद खोलीत. त्यांना सांगायचं की हे मराठीत वाचून दाखवता येणार नाही, दुसरं काही करू. त्यांनी कदाचित ऐकलंही असतं. आता कसं ऐकतील? आणि मी मसुदा वाचला असता तर मीच विचारला असता. तेव्हा तुमच्याइतकीच माझीही चूक आहे." तुमचा आवाज जराही चढला नाही. मी मात्र जिन्यात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घेऊन तुर्भ्याला शेठच्या ऑफिसात गेलात. तिथे त्यांच्या मॅनेजरसमोर तुम्ही माफी मागितलीत. मसुदा वाईट झाला, तुम्हाला आधी सावध करायला हवं होतं, ते आमच्याकडून राहिलं, असं सरळ सांगितलंत. शेठ जरा मऊ झाले. म्हणाले, "ठीक आहे, झालं ते झालं. त्या पोरांशी मी बोलतो. म्हातारीला न आणता दुसऱ्या दिवशी सह्या घेऊ. कलम तेच ठेवा." तुम्ही म्हणालात, "म्हातारीचं नाव कागदावर आहे. आणि कलम तेच ठेवून मला ते पुन्हा वाचता येणार नाही." त्यांनी समोरचा मसुदा मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सगळ्या फाइली पाठवून द्या."

फाइली बांधायला आपल्याला आठवडा लागला. फोर्टातलं कपाटही आपल्याकडेच आलं, कारण यादी तुम्हाला स्वतः करायची होती. तुम्ही बाह्या दुमडून गठ्ठे बांधत होतात. प्रत्येक चालू प्रकरणात पुढची तारीख कोणती, काय दाखल करायचं राहिलंय, साक्षीदार कुठे राहतो, सगळं तुम्ही पुढच्या वकिलासाठी लिहून काढलंत. मी चिडून म्हटलं, "ते आपल्याला सोडून चाललेत, सर. त्यांच्या नव्या वकिलाचं काम आपण का करायचं?" तुम्ही सुतळीची गाठ मारत म्हणालात, "फाइल त्यांचीच होती. आपण नुसती सांभाळत होतो." पुढे काही महिन्यांनी त्या वकिलाचा फोन आला. तुमच्या टिपणामुळे एका दाव्याची मुदत हुकता हुकता वाचली होती. त्याने आभार मानले, तुम्ही हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवलात.

फोर्टात भागीदारांची बैठक झाली तेव्हा तुम्ही मला बाहेर बसवलंत, पण दार नीट लागत नव्हतं. कोणीतरी विचारलं, त्या मुलीला ठेवायचं का. तुम्ही म्हणालात, "सही माझी आहे. तिच्या लक्षात आलं नाही, मी वाचलं नाही. यात मोठी चूक कोणाची, ते तुम्हीच ठरवा." एवढंच. फर्मचं प्रमुखपद पुढच्या वर्षी तुमच्याकडे यायचं, असं सगळेच धरून चालले होते. ते आलं नाही. तुम्ही त्याबद्दल माझ्याशी कधी बोलला नाहीत. मला ते तिथल्या जुन्या कारकुनाकडून कळलं, तेही दोन वर्षांनी.

माझ्या वडिलांनी मात्र धसका घेतला होता. रोज संध्याकाळी विचारायचे, "येवढं मोठं गिऱ्हाईक गेलं म्हनत्यीस, तुला काढून टाकत्याल का गं?" हे तुमच्या कानावर गेलं आणि तुम्ही आम्हा दोघांना रविवारी उरणला जेवायला बोलावलंत. वडील नवा सदरा घालून, अवघडून, पाटाच्या कडेवर बसल्यासारखे खुर्चीत बसले होते. मी आत तुमच्या पत्नीला, चाचींना, मदत करायला गेले. त्या तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या, चुलीवर बोंबलाचं कालवण. मला म्हणाल्या, "बस गो बाय. तुझे सर रोज सकाळी इथं येऊन माझं डोकं खातात. एक मानूस हाय, त्याची बोट हाय, दुसऱ्या मानसाला द्यायचीय, असं करून सगळं सांगतात. नाव-गाव काही नाही. मी मध्येच विचारलं, 'मग बुडली तर कोनाची?' की हे उठले, गेले कागद बदलायला." त्यांना हसू आवरेना. मीही पुष्कळ दिवसांनी हसले.

जेवताना वडिलांनी तुम्हाला विचारलं, "सायेब, तुमी ह्या कामात कसं पडला?" तेव्हा तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. तुमच्या आजोबांचा मिठाचा मचवा होता. एका व्यापाऱ्याने त्यांना कागद करायला फोर्टात नेलं. थोरले साहेब व्यापाऱ्याचे वकील होते. त्यांनी दुभाषा बसवून अख्खा कागद तुमच्या आजोबांना ऐकवला, आणि आजोबांनी सही न करता टोपी घातली आणि घरी आले. "मचवा वाचला," तुम्ही म्हणालात. "आजोबा या फर्मचे अशील कधीच नव्हते. समोरच्या बाजूचे होते. तरी मरेपर्यंत म्हणायचे, घरातलं एक पोर त्या ऑफिसात गेलं पाहिजे." वडील घास हातात धरून ऐकत होते. परतताना गाडीत म्हणाले, "तुला काढायची न्हाईत ती मान्सं." त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

सारसोळ्याचे मुलगे पावसाळ्यानंतर आले होते, आठवतं? दुसरा कोणी जागा भाड्याने मागत होता आणि त्यांना तुम्हीच वकील हवे होतात. म्हातारीने खाडीतल्या निवट्या मासळीची टोपली पाठवली होती. मला वाटलं, आता तरी आपल्याला काम मिळालं. तुम्ही त्यांना बसवलंत, चहा दिलात आणि म्हणालात, "त्या जागेत आम्ही एकदा शेठच्या बाजूने होतो. त्यांनी आम्हाला जे विश्वासाने सांगितलं ते मला माहीत आहे. आता तुमचं काम मला घेता येणार नाही." त्यांना पनवेलच्या एका वकिलाचं नाव दिलंत, टोपलीही परत पाठवलीत. तेव्हा आपल्याकडे काम इतकं कमी होतं की मी दुपारी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून काढायचे.

त्याच सुमारास एका सकाळी माझ्या टेबलावर मराठी टाइपरायटर होता. पनवेलच्या कोर्टाबाहेरच्या एका टंकलेखकाने धंदा बंद केला, त्याच्याकडून तुम्ही तो आणला होता. 'ळ' अडकायचा. फोर्टात कॉम्प्युटर आले होते आणि इथे तुम्ही हे धूड आणलंत म्हणून मी जरा हिरमुसले. तुम्ही म्हणालात, "आजपासून आधी मराठीत लिहायचं, मग इंग्रजीत. मराठीत लिहिताना लाज वाटली, तर तिथेच थांबून माझ्याकडे यायचं." मी तसंच केलं, आजही करते. न्हावा शेव्याचे कस्टम एजंट, ट्रकवाले, छोटे जहाजवाले हळूहळू आपल्याकडे येऊ लागले, कारण आपले कागद त्यांना कळायचे. एक यायचा आणि जाताना दुसऱ्याचं नाव सांगायचा. शेठ कधीच परत आले नाहीत. पण आज फर्मचं अर्ध्याहून जास्त काम खाडीच्या या बाजूला आहे. ऐरोलीतही एक मजला घेतलाय आपण. ते बघायला तुम्ही नव्हतात.

आता राहिलेलं सांगते. तुम्ही फोर्टातल्या बैठकीत सांगितलंत, शेठनाही तसंच वाटू दिलंत, की ते कलम लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही. सर, आलं होतं. 'फ्रॉम टाइम टू टाइम' हे शब्द घालताना मला पुरतं माहीत होतं की जागा त्या लोकांना परत मिळणार नाही. शेठ माझा मसुदा बघून म्हणाले होते, "मॅडमनी पक्कं काम केलंय," आणि मला ते फार आवडलं होतं. वाचून दाखवताना भरभर पुढे जाता येईल, असंही मी मनाशी ठरवलं होतं. म्हातारी ऐकत असेल असं वाटलं नव्हतं. उरणहून निघताना सांगावंसं वाटलं, तर वडील शेजारी होते. नंतर तुम्ही आजारी पडलात, मी हॉस्पिटलात यायचे, तुम्ही विचारायचात कामं कशी चाललीत, आणि मी कामांचंच सांगत बसायचे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. उरणच्या घरी आता तुमच्यापैकी कोणी राहत नाही. तुम्ही माझ्यासाठी जे बोललात ते खरं समजून बोललात की सगळं ओळखून, हे मला कधीच कळणार नाही. आणि लक्षात आलं होतं का, असं तुम्ही मला तेव्हा सरळ विचारलं असतंत, तरी मी नाहीच म्हटलं असतं.